शुद्ध हवेची खोली

जिम्मा या कॉफीच्या गावातल्या त्या इस्पितळात सिस्टर अस्कलेला पाठीमागे ‘गवताची वैरीण’ म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. अपवाद एकच, आयो बोंतू, म्हणजे बोंतूआई. तिचा गेमेडा रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डात होता, आणि पोरगा आत असला की आईला कशाचंच भय उरत नाही.

पावसाअखेर येणारं तिथलं नवं वर्ष तोंडावर आलं होतं. पाऊस सरत आला होता, उतारांवर पिवळी फुलं फुलली होती आणि बाजारात मुली सणाला घराघरांत जमिनीवर पसरायच्या ओल्या गवताच्या पेंढ्या घेऊन बसल्या होत्या. आयो बोंतू वॉर्डाच्या दाराशी आली ती पांढरी शाल पोटावर घट्ट आवळून.

“आयो, शालीखाली काय आहे?” अस्कलेने विचारलं.

“पोट.”

“परवा नव्हतं ते.”

“परवा मी उपाशी होते.”

अस्कलेने शालीचं टोक उचललं. आत हिरवंगार गवत, मुळांना माती तशीच.

“मूठभर तर आहे,” आयो बोंतू म्हणाली. “खाटेखाली पसरते नि जाते. सणासुदीला जमीन उघडी ठेवायला घरात कोणी मेलंय का?”

“मरू नये म्हणूनच नको म्हणते. यात बुरशी असते, आयो. पिठाहून बारीक. तुम्ही-आम्ही रोज हुंगतो, काही होत नाही. गेमेडाच्या अंगात सध्या तिला अडवणारं कोणी नाही. औषधाने रोगाबरोबर चांगल्या पेशीही मारल्यात.”

“म्हणजे औषधाने जगवायचं आणि हवेने मारायचं?”

“म्हणून तर हवेवर पहारा ठेवलाय.”

“देवाने दिलेल्या हवेवर?”

“त्याच हवेवर.”

आयो बोंतू बाहेर गेली आणि तिने फाटकाशी बांधलेल्या कोणाच्याशा गाढवापुढे गवत टाकलं. निदान त्याचा तरी सण होऊ दे, असं ती पहारेकऱ्याला म्हणाल्याचं नंतर अस्कलेच्या कानावर आलं.

अस्कले काही जन्मतः गवताची वैरीण नव्हती. तिच्या स्वतःच्या घरात सणाला घोट्याइतकं गवत पसरलेलं असे. पण आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात इस्पितळाने गाड्या लावायला जागा हवी म्हणून वॉर्डाशेजारचं जुनं कोठार पाडलं होतं. कुजलेली लाकडं, ओलसर माती, वर्षानुवर्षांचा भुसा, सगळं वाऱ्यावर उडालं. वॉर्डात तेव्हा एक शाळामास्तर होते. त्यांच्या रक्तातून रोग गेल्याचा अहवाल आला त्याच आठवड्यात त्यांना खोकला लागला. फुप्फुसात बुरशी निघाली. कर्करोग हरला आणि मास्तरही गेले. गाड्यांसाठी केलेल्या जागेत पहिली गाडी उभी राहिली ती त्यांना न्यायला आलेली.

तेव्हापासून अस्कलेने कंबर कसली. संसर्ग रोखण्याची समिती इस्पितळात आधीपासून होती, पण ती जमायची ती चहाला. अस्कले तिची प्रमुख झाली आणि पहिलं काम म्हणजे चहा बंद केला. मग प्रयोगशाळेतून खुराक घातलेल्या चपट्या ताटल्या आणून वॉर्डात ठिकठिकाणी उघड्या ठेवल्या. अशा ताटल्या काही वेळ उघड्या ठेवून पुढे उबेत ठेवल्या की हवेत जे तरंगत असतं ते त्यांत उगवतं. वॉर्डाच्या ताटल्यांत काळ्या-हिरव्या मखमलीचे ठिपकेच ठिपके उगवले. तिने त्या सगळ्यांना दाखवल्या. एका डॉक्टरांनी जेवणाच्या सुटीत दाखवू नका अशी विनंती केली.

मग वॉर्डातला ओलसर झालेलं खोटं छत काढलं. खिडक्यांच्या फटी बुजवल्या. झाडू जाऊन ओलं पुसणं आलं. फुलं, कुंड्या, गवत, निखाऱ्यावरची कॉफी, धूप, सगळ्याला बंदी. नातेवाईक कुरकुरले. इस्पितळ आहे की तुरुंग, असं एकजण म्हणाला. तुरुंगात कॉफी मिळते, दुसऱ्याने सांगितलं. पण वर्ष उलटलं तेव्हा ताटल्या जवळजवळ कोऱ्या निघू लागल्या आणि त्या वॉर्डात बुरशीने कोणी दगावलं नाही.

एक गोष्ट मात्र तिला साधली नव्हती. परदेशातल्या एका संस्थेने याच वॉर्डासाठी हवा गाळायचं मोठं यंत्र पाठवलं होतं. यंत्र आलं तेव्हा वॉर्डातली वायरिंग जुनी होती, आणि संचालक डॉक्टर वोंदिमूंची खोली नुकतीच नवी करून झाली होती. म्हणून यंत्र तात्पुरतं तिथे बसवलं. डॉक्टर वोंदिमू दुष्ट मुळीच नव्हते. त्यांचं नाक तेवढं वाईट होतं. कॉफीच्या मोहराच्या दिवसांत ते बोलताना कमी आणि शिंकताना जास्त दिसत. यंत्र आल्यापासून नाक मोकळं झालं, डोकं दुखेनासं झालं, आणि बायको म्हणते स्वभावही सुधारला असं ते स्वतःच सांगत. पुढे वॉर्डातली वायरिंग झाली. मग यंत्राची पिन बसेना. पिन मिळाली तर बसवणारा माणूस सुटीवर. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

“सिस्टर, यंत्र वॉर्डाचंच आहे,” डॉक्टर वोंदिमू प्रत्येक वेळी म्हणत. “मी फक्त सांभाळतोय.”

राजधानीत स्वच्छ वॉर्डांसाठी पुरस्कार ठेवल्याचं कळलं तेव्हा अस्कलेने आपल्या वॉर्डाचं नाव स्वतःहून पाठवलं. पुरस्कार मिळाला तर चारचौघांत यंत्राचा विषय निघेल आणि साहेबांना ते सोडावं लागेल, हा तिचा हिशोब. शिवाय मंचावर आपण कशा दिसू हेही तिने मनात एक-दोनदा पाहून घेतलं होतं. पुरस्कार मिळाल्याचा फोन आला त्या संध्याकाळी तिने जरीच्या काठाचा पांढरा झगा इस्त्रीला दिला.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी बैठक बोलावली.

“नव्या वर्षाच्या आठवड्यातच पाहुणे येताहेत,” ते म्हणाले. “कार्यक्रम थेट वॉर्डात करू. ज्याला बक्षीस त्याच्याच अंगणात. गवत पसरू, कॉफी भाजू, धूप, मक्याच्या लाह्या, पिवळी फुलं. अगदी घरच्यासारखं.”

अस्कलेला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. “वॉर्डात गवत?”

“मग काय हॉलमध्ये? हॉलला कुठे बक्षीस मिळालंय?”

“साहेब, गवत नाही म्हणून बक्षीस मिळालंय.”

कोणीतरी हसलं. डॉक्टर वोंदिमूही हसले, पण समजावणीच्या सुरात म्हणाले, “सिस्टर, तुमची तळमळ मला कळते. पण सणाच्या दिवसांत पाहुण्यांना उघड्या जमिनीवर बसवलं तर राजधानीत जाऊन काय सांगतील? जिम्माची माणसं स्वतःला कॉफीच्या गावची म्हणवतात आणि पाहुण्याला कप विचारत नाहीत? फार तर गवत धुऊन आणू.”

“गवत धुऊन बुरशी जात नाही. उलट ओलं राहतं.”

“मग वाळवून आणू.”

“वाळलेल्यावर तर जास्त असते.”

“म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.” संचालकांनी घड्याळाकडे पाहिलं. “एका दिवसाचा प्रश्न आहे. तेवढ्यापुरते रुग्ण हलवा.”

“कुठे हलवू?”

“ते तुमचं शास्त्र. इस्पितळातली तुम्हाला योग्य वाटेल ती खोली घ्या. कोणी अडवलं तर माझं नाव सांगा.”

वीस माणसांनी हे ऐकलं. अस्कलेने सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं, जणू ऐकल्याची खात्री करत होती.

मग तिने शास्त्र केलं. जिथे जिथे खाटा मावतील तिथे तिथे ताटल्या ठेवल्या. हाडांच्या वॉर्डात ठिपके उगवले. शस्त्रक्रियेनंतरच्या खोलीत त्याहून जास्त, कारण तिच्या खिडकीखाली कचराकुंडी. समितीच्या बैठकीची खोली, जिथे बसून त्यांनी वर्षभर स्वच्छतेवर चर्चा केली होती, तिथली ताटली उघडल्यावर प्रयोगशाळेतल्या मुलीने ती लगेच झाकून टाकली. छत गळून गळून तिथे भिंतीच्या आत जंगल माजलं होतं. आणि एक ताटली कोरी निघाली. तीत नुसता खुराक चमकत होता. ती संचालकांच्या खोलीतली होती.

निकाल आला त्या रात्री अस्कलेला नीट झोप लागली नाही. साहेब चिडतील, बदली करतील, बक्षीस हातचं जाईल, असं सगळं डोक्यात येऊन गेलं. पण मास्तरांची बायकोही डोळ्यांपुढे येत राहिली. सगळं उरकल्यावर त्या बाईने, तुम्ही फार केलंत, असं म्हणून तिचे हात हातात घेतले होते. खरं तर तोवर अस्कलेने काहीच केलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या सकाळी डॉक्टर वोंदिमू पाहुण्यांना आणायला विमानतळावर गेले. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडल्याबरोबर खाटा निघाल्या.

“साहेबांना माहीत आहे का?” खोलीबाहेर बसणाऱ्या चिटणीस बाईंनी विचारलं.

“योग्य वाटेल ती खोली, असं तेच म्हणाले. तुम्हीही होतात तिथे.”

“म्हणाले खरं,” बाई पुटपुटल्या आणि टेबलावरचे पेन गोळा करू लागल्या. टेबल, सोफा, गालिचा, सगळं समितीच्या खोलीत गेलं. भिंती आणि फरशी पुसून झाली, यंत्र पूर्ण वेगावर लावलं. वॉर्डातले पाचही रुग्ण तोंडाला मास्क बांधून एकामागून एक आत आले. गेमेडा शेवटी आला. तो बाजारात तीनचाकी रिक्षा चालवायचा, आणि इतके महिने पडून राहिल्याने त्याच्या जिभेला कामच उरलं नव्हतं.

“सिस्टर, इथून सह्या करता येतात का?” त्याने विचारलं.

“कशाला?”

“आईला आत यायची परवानगी देतो.”

“आधी हात धुवा, संचालकसाहेब,” अस्कले म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती हसली.

दुपारी वॉर्डाचं रूप पालटलं होतं. गवत इतकं दाट की त्यात चपला हरवत होत्या. कोपऱ्यात कॉफी भाजणारी बाई बसली होती, धुपाचा धूर छताला लागला होता, आणि दोन्ही बाजूंना रिकाम्या खाटांवर पिवळ्या फुलांचे गुच्छ. पांढरा झगा घालून अस्कले मंचावर बसली होती. वर्षभर जिथे तिने पायताणाचा ठसा पडू दिला नव्हता तिथे लोक लाह्या सांडत होते. तिला हसावं की रडावं कळेना. म्हणून तिने कॉफी घेतली. कॉफी उत्तम होती.

राजधानीहून आलेल्या पथकाच्या प्रमुख डॉक्टर सेनिदू, उंच, जाड चष्म्याच्या, धुरात दोनदा खोकल्या आणि म्हणाल्या, “काय प्रसन्न हवा आहे इथली.” मग त्यांनी खाटांकडे पाहिलं. “पण रुग्ण दिसत नाहीत.”

डॉक्टर वोंदिमूंनी अस्कलेकडे पाहिलं. कुठे ठेवले हे विचारायला त्यांना सवडच झाली नव्हती.

“शुद्ध हवेच्या खोलीत आहेत,” अस्कले म्हणाली.

“तुमच्याकडे तशी खोलीही आहे?” सेनिदूंचे डोळे मोठे झाले. “यादीत नव्हती. आधी तीच दाखवा.”

“हो हो, दाखवू की,” संचालक म्हणाले. त्यांना वाटलं, असेल कुठेतरी. ते पाहुण्यांच्या बरोबरीने चालू लागले. वळणं ओळखीची येत गेली तशी त्यांची चाल मंद होत गेली. स्वतःच्या नावाची पाटी दिसली तेव्हा ते थांबलेच.

दाराच्या काचेतून आत पाच खाटा दिसत होत्या. यंत्र संथ घुमत होतं. गेमेडाने काचेतून संचालकांना पाहिलं आणि मोठ्या अदबीने मान लववली.

सेनिदूंनी पाटी वाचली. मग दाराआडचं दृश्य पाहिलं. मग पुन्हा पाटी वाचली.

“ही तुमची खोली?”

“होती,” ते म्हणाले.

“आणि तुम्ही ती रुग्णांना दिलीत.”

त्या क्षणी त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या, आणि ते इतकी वर्षं संचालक उगाच नव्हते. “सिस्टर आणि मी,” ते सावकाश म्हणाले, “बराच विचार केला. यंत्र एकच. ज्याला जास्त गरज त्याला.”

सेनिदूंनी चष्मा काढून पुसला. वीस वर्षांत अनेक इस्पितळं पाहिली, त्या म्हणाल्या, सगळीकडे साहेबांच्या खोलीत थंड हवा आणि वॉर्डात घाम. हे पहिल्यांदाच पाहते. छायाचित्रकाराला पुढे बोलावलं. संचालक दाराशी उभे राहिले. अस्कलेला त्यांच्या शेजारी उभं केलं होतं, पण दार उघडं धरायला कोणीतरी हवं होतं म्हणून ती बाजूला सरकली. राजधानीच्या वर्तमानपत्रात ते चित्र आलं तेव्हा त्यात तिचा कोपर आणि झग्याचा जरीकाठ दिसत होता. काठ छान उठून आला होता.

पाहुणे गेल्यावर संचालकांनी तिला व्हरांड्यात गाठलं. ती तयारीतच होती.

“सिस्टर,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “मला आधी सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर काय म्हणाला असता?”

त्यांनी खरंच विचार केला. “पिन बसत नाही म्हणालो असतो,” ते म्हणाले आणि समितीच्या खोलीकडे आपलं टेबल शोधायला गेले.

गोष्ट इथे संपती तर अस्कले जिंकली असं म्हणता आलं असतं. पण पुढच्या आठवड्यात राजधानीहून आदेश आला. संचालकांच्या त्यागाची नोंद घेण्यात आली होती. त्यांची खोली कायमची रुग्णांना देण्यात यावी, आणि बक्षीसपात्र वॉर्ड प्रांतातल्या इतर इस्पितळांना पाहण्यासाठी नमुना म्हणून जसाच्या तसा राखावा. अस्कलेने वॉर्डातून गवत काढलं, लाह्या वेचल्या, भिंती धुतल्या, ताटल्या कोऱ्या येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुतल्या. मग वॉर्डाला कुलूप लागलं. आठ खाटा, स्वच्छ चादरी, आत कोणी नाही. आणि साहेबांच्या जुन्या खोलीत खाटा मावत होत्या पाचच.

सहावी रुग्ण आली ती एमामा, म्हणजे आजीबाई, झेनेबेच. बाजारात मसाले विकणारी म्हातारी, चार नातवंडांना धाकात ठेवणारी. तिला लगेच औषध सुरू करायला हवं होतं. अस्कले समितीच्या खोलीत गेली. डॉक्टर वोंदिमू गळक्या छताखाली रुमाल नाकाला लावून बसले होते.

“वॉर्डाची किल्ली हवी.”

“नमुना आहे तो, सिस्टर.” ते शिंकले. “माणूस आत गेला की मळेल.”

“वॉर्ड माणसांसाठीच असतो.”

“तो असतो. हा नमुना आहे. आदेश माझा नाही.” आणि मग, छताकडे पाहत, “या खोलीतल्या ताटलीत काय आलं होतं?”

“नका विचारू. निरोगी माणसाला चालतं.”

अस्कले दारापर्यंत गेली आणि परत आली. “साहेब, पाहायला येणारे काय विचारतील? सेनिदूबाईंनी पहिल्यांदा काय विचारलं?”

“रुग्ण कुठे आहेत.”

“रोज पाहुण्यांना तुमच्या जुन्या खोलीपर्यंत चालवणार का? नमुन्याच्या वॉर्डात एक नमुन्याचा रुग्ण नको?”

डॉक्टर वोंदिमूंनी रुमाल बाजूला केला. कल्पनेत खोट काढायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला असावा. शेवटी त्यांनी खणातून किल्ली काढली. “एकच,” ते म्हणाले.

एमामा झेनेबेच आठ खाटांच्या वॉर्डात एकटी राहू लागली. शेजारच्या गावांहून डॉक्टर-नर्सांचे जथे येत, काचेपलीकडून तिला न्याहाळत, टिपणं घेत. तिला पहिल्यांदा राग आला. मग मजा वाटू लागली. एका तरुण डॉक्टरने दारातून विचारलं, “आजी, इथे कसं वाटतं?”

“मला वाटायला नाही ठेवलेलं, लेका. बघायला ठेवलंय.”

पुढे अस्कलेने साहेबांना पटवलं की एकाच वयाचा नमुना पुरेसा नाही. मग एक शाळकरी मुलगी आली, मग एक शिपाई. काही महिन्यांनी तिथले उपवासाचे दिवस सुरू होईपर्यंत सगळ्या खाटा भरल्या. दोन्ही खोल्या धरून इस्पितळात आता पूर्वीपेक्षा जास्त रक्ताचे रुग्ण राहत होते, आणि हे कोणी ठरवून केलं असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. गेमेडा बरा होऊन गेला. समितीच्या खोलीचं छत तेवढ्यात दुरुस्त झालं. वर्षानुवर्षं ज्यासाठी पैसा नव्हता त्यासाठी तो एका आठवड्यात निघाला.

एमामा झेनेबेचला घरी सोडायचं ठरलं तेव्हा डॉक्टर वोंदिमू स्वतः वॉर्डाच्या दाराशी आले.

“सोमवारी सेनिदूबाई पुन्हा येताहेत,” ते म्हणाले. “चार दिवस थांबवता येणार नाही का? त्यांनी हिच्याबद्दलच विचारलंय.”

“बऱ्या माणसाला ठेवून घ्यायचं? खाट दुसऱ्याला हवी आहे.”

“तेही खरं,” संचालक म्हणाले आणि खिन्न होऊन निघून गेले.

सोमवारी पाहुण्यांच्या गाड्या फाटकात शिरायच्या आधी एमामा झेनेबेच चालत वॉर्डाच्या दाराशी येऊन उभी राहिली. अंगावर ठेवणीतला झगा, नुकत्याच उगवलेल्या केसांना सणासारखं लोणी.

“साहेब काल दुकानावर आले होते,” ती अस्कलेला म्हणाली. “एक किलो मिरची घेतली आणि अर्धा तास बोलेचनात. शेवटी मीच म्हटलं, येते बाबा. कुठली खाट रिकामी आहे?”

“एकही नाही. आणि एमामा, तुम्ही बाजारातून आलात. केस बघा तुमचे, लोण्याला धूळ चिकटलीय.”

“मग बाहेर उभी राहते. बरी झालेलीही दिसू दे की त्यांना.”

अस्कलेने तिला हात धुवायला लावले, मास्क बांधला आणि काचेच्या अलीकडे एक खुर्ची दिली. सेनिदूबाई आल्या, म्हातारीशी बराच वेळ बोलल्या. मसाल्याचा भाव विचारला, तो तिने जरा चढवूनच सांगितला. पाहुणे वळल्यावर ती उठली, मास्क काढून नीट घडी घालून अस्कलेच्या हातात दिला आणि दुकान उघडं टाकून आले आहे म्हणत भरभर फाटकाकडे निघाली.